कॉर्नरवाले टिपणीस

टिपणीसांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. परदेशातल्या पासिर रिसच्या त्या इमारतीत आम्ही राहायला येऊन दोन-तीन महिने झाले होते. शेजारच्या दारावर 'टिपणीस' अशी देवनागरी पाटी पाहून मी आधी हरखले होते, पण ह्या गृहस्थांचं दर्शन लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरतंच. तोआ पायोहच्या ऑफिसात मी शनिवारी हिशेब बघायला जायचे, त्यामुळे सोमवार माझा सुट्टीचा वार. नवरा कामावर गेला की जरा पाय पसरून चहा प्यावा, एवढीच माझी माफक अपेक्षा. आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून ओरडणं सुरू व्हायचं, "अरे कंबर बघ! कंबर बघ त्याची, गाढवा!"

आता तुम्हीच सांगा, ह्यातून माणसानं काय समजायचं? टिपणीसांच्या बायकोला, शरयूताईंना, मी आठच्या सुमाराला कामावर जाताना पाहिलेलं असायचं. मुलगी शाळेत. म्हणजे घरात हा गृहस्थ एकटा, आणि कंबर बघ म्हणतोय. दोन सोमवार मी दातावर दात ठेवून बसले. तिसऱ्या सोमवारी ओढणी कमरेला खोचली आणि जाऊन बेल वाजवली.

दार उघडलं ते पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या, बनियन आणि बर्म्युडा घातलेल्या माणसानं. हातात रिमोट. मी तोंड उघडायच्या आत टिपणीसच म्हणाले, "या वहिनी, अगदी वेळेवर आलात."

"वेळेवर कसली? अहो, तुमचा आवाज..."

"बसा बसा. हा कडेचा माणूस बघा. चेंडू बघायचा नाही हं."

टीव्हीवर लोखंडी जाळीची शिरस्त्राणं घातलेले आडदांड लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. पहाटे झालेला सामना टिपणीस टेप करून ठेवायचे, सोमवारची अर्धी रजा टाकायचे आणि थांबवून थांबवून बघायचे. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. नाव फुटबॉल, पण पाय मुख्यतः पळायला. चेंडू हातात, आणि तोही गोल नाही, सोललेल्या नारळासारखा. एका बाजूचा म्होरक्या चेंडू लांब फेकतो आणि त्याचा एक गडी मैदानाच्या कडेनं पुढे पळत जाऊन तो झेलतो. त्याला झेलू द्यायचं नाही म्हणून समोरच्या संघाचा एक माणूस कडेला एकटा उभा असतो, तो कॉर्नरबॅक. टिपणीसांना खेळातलं बाकी काही नकोच होतं. कोण जिंकलं हेसुद्धा कित्येकदा त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं. ते फक्त कॉर्नर बघायचे.

"पळणाऱ्याला ठाऊक असतं आपण कुठे जाणार," त्यांनी मला समजावलं. "डावीकडे वळणार, मधेच थांबणार, की सुसाट सरळ सुटणार. कॉर्नरला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. त्यात सुरुवातीला त्यानं पळायचं उलटं, तोंड समोर आणि पावलं मागे. आणि तरी त्याच्याबरोबर तिथे पोचायचं. आहे का जगात दुसरी अशी नोकरी?"

"आहे की," मी म्हटलं. "लग्न झालेल्या बाईची."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. चित्र थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा घेणार ना?" आणि गवती चहा घातलेला इतका फक्कड चहा समोर आणून ठेवला की मी तक्रार करायला आले होते हेच विसरले.

तर असे हे टिपणीस. एका बँकेच्या मागच्या खोलीत, जिथे दिवसभराच्या व्यवहारांचा ताळमेळ लावतात, तिथे त्यांची बरीच वर्षं गेली. तरुणपणी बँकेनं त्यांना अमेरिकेत धाडलं होतं. गाव थंड, बोलायला कुत्रं नाही. समोर राहणारा बिल नावाचा निवृत्त बसड्रायव्हर दर रविवारी ह्यांना घरी बोलवायचा आणि सोफ्यावर बसवून कॉर्नर दाखवायचा, कारण बिल स्वतः शाळेच्या संघात कॉर्नर होता. बाकीचे लोक अमेरिकेतून मिक्सर आणि कॅमेरे घेऊन आले, टिपणीस हे वेड घेऊन आले.

संध्याकाळी कामावरून आले की ते आमच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये उलटे चालायचे. कोपरं दुमडलेली, गुडघे वाकवलेले, चवड्यांवर, आणि तोंडानं मोजणी. मला तर पहिल्यांदा हसू आवरेना. पलीकडच्या मिसेस टॅन मात्र गंभीरपणे बघत राहिल्या. चिनी म्हातारी माणसं गुडघ्यांसाठी बागेत उलटी चालतात, त्यामुळे त्यांना वाटलं हा माणूस शहाणा आहे. चार दिवसांनी बघते तो काय, टिपणीस आणि मिसेस टॅन शेजारी शेजारी, दोघं उलटे, लिफ्टपासून जिन्यापर्यंत. "गुड फॉर नी, ला," मिसेस टॅन इथल्या सगळ्यांसारखं शेवटी 'ला' जोडून मला म्हणाल्या. टिपणीस म्हणाले, "वहिनी, ह्यांची कंबर बघा. वळताना जराही उचलत नाहीत. ह्या वयात!"

कंबरेचं त्यांचं शास्त्र असं होतं. पळणारा माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो, मान एकीकडे आणि पाय दुसरीकडे टाकतो. पण कंबर जिथे जाते तिथेच माणूस जातो. म्हणून कॉर्नरनं चेंडू नाही, चेहरा नाही, कंबर बघायची. आणि हात लावायचा नाही. धरलं की दंड. "धरून ठेवणं हे घाबरलेल्याचं काम," ते म्हणायचे. लोक वेगाचं कौतुक करायला लागले की चिडायचे. "वेग सगळेच मोजतात, कारण त्याला घड्याळ आहे. मार खाल्ल्यानंतरचं मोजायला कुठे घड्याळ आहे?"

ही त्यांची खरी कसोटी. कितीही मोठा कॉर्नर असो, कधीतरी फसतोच. समोरचा त्याला चकवून चेंडू झेलतो, सगळं मैदान त्याला हसतं. टिपणीसांचं म्हणणं, तेव्हा त्याचं तोंड बघू नका. पुढच्या डावाला तो कुठे उभा राहतो ते बघा. साधा माणूस चार पावलं मागे सरकून उभा राहतो, म्हणजे परत फसायला नको. आणि मग समोरचा त्याच्या नाकासमोर आरामात चेंडू झेलत राहतो, कारण हा लांबच उभा असतो. "अव्वल कॉर्नर पुन्हा होता तिथेच उभा राहतो, वहिनी. समोरच्याचा श्वास जाणवेल इतका जवळ. बाकी सगळं शिकवता येतं. हे नाही."

हे ते सगळ्यांना लावायचे. आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी कुणाला तरी हौस आली की टेबलं नकोत, हॉलमध्ये सतरंज्या घालून खरीखुरी पंगत बसवू. वाढप्यांचे प्रमुख टिपणीस. त्यांनी वाढपी कसे निवडले असतील? ओळीनं उभं केलं, रिकामी बादली हातात दिली आणि उलटं चालायला लावलं! बँकांतले मोठमोठे साहेब मुकाट्यानं उलटे चालत होते आणि आम्ही बायका भिंतीला टेकून पोट धरून हसत होतो.

त्यात कौस्तुभ नावाचा पुण्याचा एक इंजिनियर होता, नुकताच आलेला, कुणाशी फारसं न बोलणारा. टिपणीसांनी त्याला आमटी दिली. आणि त्यानं ती थेट मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या पैठणीवर सांडली. पोरगा पांढराफटक पडला, बादली खाली ठेवून आत आला आणि म्हणाला, "काका, मी पाणी वाढतो. नाहीतर भांडी घासतो."

टिपणीसांनी बादली पुन्हा भरली आणि त्याच्या हातात दिली. "त्याच पंगतीत जा. त्याच टोकाला."

"काका, तिथे त्या बसल्यायत."

"म्हणून तर."

गेला बिचारा. अध्यक्षीणबाईंनी त्याला येताना पाहिलं आणि दोन्ही हातांनी पैठणी झाकली. मग त्याच फिसकन हसल्या आणि म्हणाल्या, "वाढ रे बाबा, पण लांबून!" सगळी पंगत हसली. तो कौस्तुभ पुढे वर्षानुवर्षं मंडळात आमटीच वाढत असे, आणि नव्या पोरांना उलटं चालायला लावत असे.

आता शरयूताईंबद्दल सांगायला हवं. उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. आणि चाल अशी की बोलायची सोय नाही. टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये आम्ही कधी एकत्र गेलो की त्या पुढे, टिपणीस बरोबर. चालता चालता शरयूताईंना काही दिसलं की त्या न सांगता, न थांबता एकदम वळायच्या. टिपणीस आपले बोलत बोलत सरळ! वीस पावलं गेल्यावर कळायचं की आपण एका अनोळखी चिनी बाईला कॉर्नर समजावतोय. मग सरकत्या जिन्यापाशी उभे राहून "शरयू! अगं शरयू!" मी एकदा म्हटलंसुद्धा, "टिपणीस, साऱ्या अमेरिकेच्या कंबरा बघता, घरची तेवढी दिसत नाही?" शरयूताई तेव्हा खूप हसल्या होत्या. मला ते हसणं लक्षात आहे, कारण त्यानंतर तीन-चार महिन्यांत त्या पुण्याला गेल्या.

त्यांच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. एकुलती एक मुलगी. दुसरं कोण करणार? दोन महिने म्हणून गेल्या त्या वर्षभर राहिल्या. टिपणीस गेले नाहीत. बँकेत वर्षअखेर होती, मग ऑडिट, मग आणखी काही. "मी जाऊन तिथे काय करणार? उलट तिलाच माझं जेवण बघावं लागेल," असं म्हणायचे, आणि ते त्यांना मनापासून पटलेलंही होतं. आई गेल्या तेव्हा ते पोचले तिसऱ्या दिवशी. आणि तेराव्याला, जेवणं उरकल्यावर, सगळे नातेवाईक सुपारी कातरत बसले असताना, ह्या गृहस्थांनी बायकोला विचारलं, "मग तिकीट कधीचं काढू?"

शरयूताई म्हणाल्या, "तुझं काढ. माझं काढू नकोस."

दोन्हीकडचे वीस-पंचवीस लोक बसले होते. टिपणीस मुलीला घेऊन परत आले आणि त्यानंतर त्यांनी बायकोला कधी काही विचारलं नाही. भांडण नाही, घटस्फोटाची भाषा नाही, काहीच नाही. हे सगळं मला त्यांच्या मुलीनं, ईरानं, सांगितलं. टिपणीस स्वतः एवढंच म्हणायचे, "तिला तिथे बरं वाटतंय."

बरं वाटतंय म्हणे! तेव्हा व्हॉट्सॲप वगैरे नव्हतं, फोनकार्ड खरवडून नंबर फिरवायचा. दर रविवारी संध्याकाळी ईरा आईला फोन लावायची आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. पुढे येणार नाहीत आणि आतही जाणार नाहीत. तिथूनच, "आईला विचार, गुडघा कसा आहे. सांग, तेल पाठवलंय. विचार, गॅसवाला आला होता का." ईरा सतरा वर्षांची, ज्युनियर कॉलेजात जाणारी. एकदा तिनं वैतागून फोन त्यांच्यापुढे धरला, "बाबा, आय ॲम नॉट युवर पोस्टमन, ला! बोल ना तू!" त्यांनी हात मागे घेतले आणि म्हणाले, "कार्ड संपेल." मी चकल्या द्यायला गेले होते, दारातच उभी. असा राग आला म्हणता, की डबा तिथेच ठेवून निघून आले. आणि घरी येऊन रडले. का रडले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ईराला त्यांनी कॉर्नर केलं होतं. समुद्राजवळच्या मैदानावर रविवारी सकाळी मुलींचे सामने चालायचे. अंगावर पडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या असतात, त्या ओढून काढायच्या, बस्स. एका रविवारी मी आणि माझा नवरा, संजय, बघायला गेलो. समोरच्या संघात एक ताडमाड ऑस्ट्रेलियन मुलगी होती. पहिल्याच डावात तिनं ईराला असं चकवलं की ईरा उजवीकडे आणि ती डावीकडे. झेल, टाळ्या, सगळं झालं.

पुढच्या डावाला ईरा चार पावलं मागे सरकून उभी राहिली. आता मलासुद्धा ते दिसायला लागलं होतं. त्या ताडमाड मुलीनं तिच्या पुढ्यात आरामात झेल घेतला.

"ईरा, पुढे!" टिपणीस ओरडले. "पुढे उभी राहा!"

ईरा हलली नाही. पुन्हा झेल.

"अगं लांब काय उभी राहतेस? एकदा फसलीस म्हणून काय झालं? जवळ जा! जाऊन तिच्यासमोर उभी राहा!"

ईरा वळली. कमरेवर हात ठेवले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यू फर्स्ट ला, बाबा!"

तिच्या मैत्रिणी हसल्या. त्यांना वाटलं, बाप फार ओरडतो म्हणून चिडवतेय. आम्ही दोघं हसलो नाही. टिपणीसांचा हात वर होता तो तसाच राहिला. मग ते हळूच गवतावर बसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. त्यामुळे पुढचं त्यांना दिसलं नाही. ईरा पुढे गेली, त्या मुलीच्या श्वासाच्या अंतरावर उभी राहिली, आणि पुन्हा फसली. आणि त्याच्या पुढच्या डावाला परत तिथेच जाऊन उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, डोळे भरलेले.

सामन्यानंतर आम्ही हॉकर सेंटरला जेवायला गेलो. ईरा मैत्रिणींबरोबर दुसऱ्या टेबलावर. टिपणीस कॉफीत चमचा फिरवत बसले होते. मग म्हणाले, "तेराव्याला तिकिटाचं विचारायला नको होतं."

झालं! माझा संयम तेवढाच. "अहो, मग हे मला काय सांगताय? तिला सांगा ना! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! त्या कौस्तुभला त्याच पंगतीत परत धाडलंत. पोरीला भर मैदानात ओरडताय. आणि स्वतः? बायको एकदा नाही म्हणाली तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिलात ते आज दोन वर्षं झाली!"

संजयनं टेबलाखालून मला पाय मारला. मी त्याला परत मारला.

टिपणीस शांतपणे म्हणाले, "आणि परत नाही म्हणाली तर, वहिनी?"

त्यांचा चेहरा बघून माझा राग उतरला. हा माणूस त्या उत्तराला खरोखर घाबरत होता. विचारलं नाही तोवर बायको फक्त पुण्याला होती. विचारलं असतं आणि ती पुन्हा नाही म्हणाली असती, तर ती गेलीच असती. एवढं मला त्या घडीला कळलं, आणि मी उठून त्यांच्यासाठी आणखी एक कॉफी घेऊन आले.

पुढे काही आठवडे तो विषय निघाला नाही. मोसम संपत आला होता. टिपणीसांचा एक लाडका कॉर्नर होता, त्याला ते 'म्हातारा' म्हणायचे. वय झालेला, वेग गेलेला, पण कंबर बघणारा. समालोचकांनी तासन्‌तास त्याचं नावसुद्धा घेतलं नाही की टिपणीस खूश. म्हणजे त्याच्या बाजूला कुणी चेंडू फेकायलाच धजत नाही. तो म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला होता. सामना आपल्याकडे सोमवारी सकाळी. टिपणीसांनी आम्हा दोघांना साबुदाण्याच्या खिचडीचं आमंत्रण दिलं, संजयला रजा काढायला लावली, मिसेस टॅनलासुद्धा बोलावलं.

आदल्या शनिवारी मी ऑफिसातून येत होते, तर हे आमच्या दारापाशी उभे. आत येईनात. म्हणाले, "वहिनी, मला चूक सापडली."

"कसली?"

"मी तिला आणायला गेलो होतो. तेव्हा. तिकीट कधीचं काढू म्हणजे काय, तर चल माझ्याकडे. कॉर्नर कधी कुणाला आणतो का? समोरचा जाईल तिथे तो जातो. मार्ग समोरच्याचा असतो. मी आजवर शेकडो कॉर्नर पाहिले आणि हे..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

"हे कळायला एवढी वर्षं लागली?" मी म्हटलं. पण ह्या वेळी चिडून नाही. ते मान हलवून आपल्या घरात गेले.

सोमवारी सकाळी मी दाण्याची चटणी घेऊन शेजारी गेले. संजय मागे. दार ईरानं उघडलं. मिसेस टॅन आधीच सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर संत्र्यांची पिशवी. स्वयंपाकघरात साबुदाणा भिजलेला, बटाटे उकडलेले, दाण्याचं कूट करून ठेवलेलं. टीव्ही चालू. टिपणीसांची खुर्ची रिकामी.

"बाबा कुठेयत?"

"पुण्याला," ईरा म्हणाली. "काल गेले."

"फायनल सोडून?"

"टेप करायला सांगितलंय." तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. "आँटी, वन-वे तिकीट काढलंय. आईला सांगितलं नाहीये. मलाही सांगू नको म्हणाले. इफ शी सेज नो, देन हाऊ?"

मी तिला जवळ घेतलं. खिचडी मीच परतली. आम्ही चौघं सामना बघत बसलो, आणि चेंडू कुठे आहे ते आमच्यापैकी एकानंही पाहिलं नाही. दुसऱ्या भागात म्हातारा फसला. एका कोवळ्या पोरानं त्याला असा चकवा दिला की तो गवतावर हातांवर पडला, आणि तेवढ्यात गुण गेले. कॅमेरा त्याच्या तोंडावर. "तोंड नका दाखवू रे," मी ओरडले, "पुढे कुठे उभा राहतो ते दाखवा!" बऱ्याच वेळानं पुन्हा त्याची पाळी आली. म्हातारा चालत चालत गेला आणि त्या पोराच्या समोर, अगदी नाकाला नाक लावून उभा राहिला. मिसेस टॅननी टाळी वाजवली. ईरा मात्र फोनकडे बघत होती.

पुण्याहून टिपणीसांचा फोन दुपारी आला. ईरानं मला नंतर सांगितलं ते असं. दार शरयूताईंनी उघडलं आणि विचारलं, "का आलास?"

"राहायला."

"न्यायला नाही?"

"नाही."

"मी परत नाही म्हटलं तर?"

"तर खाली बागेत बसतो. उद्या पुन्हा विचारतो."

शरयूताईंनी दार लावलं नाही, पण 'ये' असंही म्हणाल्या नाहीत. नुसत्या आत गेल्या. टिपणीस बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "चहा ठेवलाय. गवती चहा नाहीये."

पुढचे काही महिने त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत होतं, असं कळलं. शरयूताईंनी एवढ्या वर्षांचं सगळं सुनावलं, रोज थोडं थोडं. टिपणीसांनी ते ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच टेबलापाशी जाऊन बसले. बँकेचा राजीनामा त्यांनी पुण्याहूनच पाठवला. ईरा विद्यापीठाच्या वसतिगृहात गेली, फ्लॅट विकला गेला, पाटी मी काढून ठेवली. फायनलची टेप पाठवू का असं ईरानं विचारलं, तर म्हणाले, "नको. संध्याकाळी तुझ्या आईला मालिका बघायची असते."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो होतो. संध्याकाळी कोथरूडला मी रिक्षात होते, सिग्नलला अडकलेली, आणि नेहमीप्रमाणे रिक्षावाल्याशी माझा वाद चालला होता. तेवढ्यात पलीकडच्या फुटपाथवर शरयूताई दिसल्या. तीच चाल, तरातरा. आणि शेजारी टिपणीस. पोट थोडं कमी झालेलं, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, एका पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. काहीतरी सांगत होते, अर्थातच. मी हाक मारायला तोंड उघडलं.

आणि शरयूताई न सांगता, न थांबता, एकदम डावीकडे एका भांड्यांच्या दुकानाकडे वळल्या. आता हे सरळ जाणार, वीस पावलांवर थांबणार आणि 'शरयू, अगं शरयू' करत बसणार.

टिपणीस वळले. तिच्याबरोबर, त्याच पावलाला, शेंगांच्या पिशवीसकट, बोलणं चालू ठेवून. एक पाऊलभरही मागे राहिले नाहीत. मी रिक्षातून ओरडणार होते, पण सिग्नल सुटला. दुकानात शिरताना शरयूताईंनी वळून मागे पाहिलं नाही. ते आहेत हे त्यांना ठाऊक होतं.